ओहोटीचं पाणी आणि वर न झालेले हात

कुणाच्या घरी सत्यनारायणाला किंवा बारशाला गेलं, की नव्या ओळखीची बाई हमखास विचारते, "तुम्ही कुठे असता?" म्हणजे कोणत्या कंपनीत. मी सांगते, "मी बोट चालवते." त्यावर ती हसते आणि वाट बघत राहते, की आता मी खरं काय ते सांगेन. मग आमचे श्रीकांत मदतीला धावतात, "वॉटर सेफ्टीमध्ये आहे ती." असं म्हटलं की बोटीलासुद्धा डिपार्टमेंट आणि मॅनेजर असल्यासारखं वाटतं आणि बाई निश्चिंत मनाने शिऱ्याच्या बशीकडे वळते.

बोट मी चौदा वर्षं चालवली. गेल्या वर्षी खांद्याने दगा दिला, तेव्हापासून फक्त जमिनीवरचा वर्ग घेते. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत काइटबोर्डिंग शिकवणारी एक छोटी शाळा आहे, तिची ही बोट. शिकाऊ लोक पाण्यात असले की त्यांच्या मागेपुढे राहायचं, कुणाची फळी सुटली, कुणाचा पतंग पडला, कुणाचा धीर सुटला, की जाऊन उचलायचं, हे माझं काम. मी मूळची अमरावतीची. आमच्या वऱ्हाडात समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले आणि पहिली आठ वर्षं मला नोकरी करायची परवानगीच नव्हती. लोणची घातली, मुलगी वाढवली, गाडी शिकले आणि तरीही वेळ उरला म्हणून चाळिशी आल्यावर पोहायला शिकले. तलावातून खाडीत कशी गेले ते सांगत बसले तर हा अंक पुरायचा नाही. परवानगीचं कार्ड हातात पडलं त्याच महिन्यात शाळेचे मालक रॉय यांना बोटीवर माणूस हवं होतं. त्यांनी विचारलं, "पोहता येतं? घाबरत नाही ना?" मी म्हटलं, "पोहता येतं, पण मी फार घाबरट आहे." ते म्हणाले, "मग उद्यापासून या."

आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "एवढी शिकली अन् नाव हाकते बापा," असं ती शेजारणीला सांगायची. बोटीच्या रेडिओवर मात्र मला मान होता. रॉयपासून सगळे मला काकूच म्हणायचे. "काकू, काकू, ग्रीन काइट डाउन" असं त्या यंत्रातून ऐकू आलं की मला आपण कुणीतरी असल्यासारखं वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पतंग म्हटलं की आपल्याला संक्रांत आठवते, पण हा पतंग एका खोलीएवढा असतो. त्याच्या कडेला हवा भरलेली जाड नळी असते, त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही. त्याच्या चार दोऱ्या सहा-सात मजले लांब. त्या एका दांडीला येऊन मिळतात आणि ती दांडी माणसाच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवलेली असते. पायात फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून सुसाट जातो. दांडीच्या खाली एक लाल मूठ असते. काही बिनसलं की ती पुढे ढकलायची, पतंगातला जोर जातो. तरी ओढत राहिला तर दुसरी मूठ ओढायची, पतंग कायमचा सुटतो. एवढ्या दोन मुठी ज्याच्या हाताला पाठ, तो जगतो.

कॅलिफोर्निया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊन येतं. पण गोल्डन गेट पुलापाशी भर जुलैतही पाण्यात हात धरून ठेवला तर दोन मिनिटांत बोटं ठणकायला लागतात. यात एक फसगत आहे. आत आम्ही राहतो त्या फ्रीमाँटकडे अंग भाजत असतं त्याच दिवशी पुलाजवळ धुकं आणि बोचरा वारा असतो. आतली जमीन तापते म्हणूनच समुद्रावरचा वारा आत धावतो. म्हणजे घरी जितकं उकडेल तितका किनारा गार आणि वारा दमदार. घरातून टी-शर्टवर निघालेल्या माणसाला हे सांगून पटत नाही. तो गाडीच्या काचेवरचं ऊन बघून पातळ रबरी सूट निवडतो.

थंड पाण्यात माणूस लगेच गोठत नाही. पहिल्या मिनिटाला श्वास लागतो, तो आवरला की बरं वाटतं. मग बोटं जातात. जातात म्हणजे जागच्या जागी असतात, पण सांगितलेलं ऐकत नाहीत. दोरी गुंडाळायची, बकल काढायचं, शिट्टी तोंडाशी न्यायची, ही सगळी कामं ज्यांनी करायची तीच आधी संपावर जातात. डोकं मात्र त्यानंतरही बराच वेळ "मी ठीक आहे" असं सांगत राहतं. बोटीवरच्या माणसाने त्या डोक्यावर विश्वास ठेवायचा नसतो, बोटांकडे बघायचं असतं.

आणि तिसरी गोष्ट ओढ. एवढ्या अफाट खाडीचं पाणी पुलाखालच्या चिंचोळ्या दारातून बहुतेक रोज दोनदा बाहेर जातं आणि दोनदा आत येतं. ओहोटी जोरावर असली की ते पाणी चांगल्या पोहणाऱ्यालाही मागे टाकतं. उन्हाळ्यात वारा समुद्राकडून आत येतो आणि ओहोटीचं पाणी आतून समुद्राकडे जातं. अशा वेळी शिकाऊ माणसाला वाटतं, आपल्याला आलं! वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला वर चढणं ही या खेळातली सगळ्यात अवघड विद्या. लोक महिनोन्महिने वाऱ्याबरोबर खाली वाहत जातात आणि फळी काखेत मारून वाळूवरून चालत परत येतात. ओहोटीत पाणीच त्यांना उचलून वर नेतं. त्यांना वाटतं ही आपली करामत. वारा आहे तोवर तो राजा असतो. वारा पडला की पतंग पडतो, पाणी मात्र आपल्या वाटेने पुलाकडे चालत राहतं.

आमच्या किनाऱ्यावर एक म्हातारे प्लंबर येतात. गेली कित्येक वर्षं येतात. सगळं सामान उतरवतात, पतंगात हवा भरतात, खुर्ची टाकतात, थर्मासमधली कॉफी पितात आणि पाण्याकडे बघतात. चारातले तीन दिवस हवा काढून घरी जातात. पहिल्या वर्षी मला ते उंटावरचे शहाणे वाटायचे. एकदा मी विचारलं, आज काय बिघडलं, वारा तर मस्त आहे. ते म्हणाले, "वारा मस्त आहे. पण मला परत येताना लागेल तेव्हा तो नसेल." तासाभराने वारा पडला आणि मी सहाजणांना उचलून आणता आणता दमले. त्यानंतर त्यांची खुर्ची उघडी दिसली की मी बोटीत जास्तीची ब्लँकेटं टाकायची.

दुसरं गिऱ्हाईक फ्रीमाँटचे एक साहेब. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ते पहिल्या दिवशी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली चेकलिस्ट घेऊन आले. लाल मूठ किती वेळा नीट चालते, किती वेळा अडकते, सगळं विचारून घेतलं. पाण्यात गेले आणि पहिल्याच जोराच्या झोतात दांडी अशी घट्ट आवळून धरली की पतंगाने त्यांना पाण्यातून फरफटत नेलं. मी मागून बोटीतून ओरडतेय, "सोडा! अहो सोडा!" आणि त्यांची मूठ आणखी आवळली जातेय. शेवटी पतंगच आपटला म्हणून थांबले. बोटीत घेतल्यावर ओकाऱ्या काढून झाल्या आणि म्हणाले, "काकू, प्रोसीजर मला माहीत होती हो." मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होती, हाताला कुठे होती?" त्या दिवसापासून मी प्रत्येकाकडून वाळूवर पन्नास वेळा मूठ सुटवून घेते, डोळे बांधून, हातमोजे घालून. लोक कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

आपल्या मुलांची एक वेगळीच खोड आहे आणि ती मला पुढे फार महागात पडली. इथली मुलं थंडी वाजायला लागली की सरळ सांगतात, बस, माझं झालं. आपल्या मुलाचे ओठ निळे झालेले असतात, दात वाजत असतात आणि तो म्हणतो, "नाही नाही काकू, आय ॲम गुड." नागपूरच्या एका विद्यार्थिनीला मी तीनदा विचारलं. तीनदा गुड. मग म्हटलं, माझा हात दाब बघू. तिला मूठच मिटता येईना. बोटीत घेतल्यावर रडायला लागली आणि काय म्हणाली तर, "सॉरी काकू, तुम्हाला माझ्यामुळे उगाच त्रास." अगं, त्रासच तर माझी नोकरी आहे! पण हे त्यांच्या हाडात भिनलेलं असतं. परक्याचं दार वाजवायचं नाही, आपल्यामुळे कुणाला उठायला लागू नये, आपलं आपण निस्तरावं. घरून निघताना हेच तर शिकवून पाठवलेलं असतं.

आता जे सांगायचं आहे त्याच्याकडे वळते.

आपल्या लोकांची बॅच असली की मी वर्ग मराठीत आणि हिंदीत घ्यायची. संकटाची खूण सोपी आहे. दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि एकमेकांवरून पुन्हा पुन्हा हलवायचे. जगातला कुठलाही नावाडी ती ओळखतो. ती शिकवून झाली की मी एक विनोद करायची. म्हणायची, "आणि हे बघा, उगाच हात हलवलेत तर हेलिकॉप्टर येतं. मग नाव, गाव, पत्ता सगळं लिहून घेतात. तेव्हा व्हिसावाल्यांनो, जरा जपून!" सगळे खो खो हसायचे. हा विनोद अमेरिकनांना कळला नसता, तो आपल्या मुलांसाठीच होता. मीही एके काळी व्हिसाच्या भीतीत आठ वर्षं काढलेली, त्यामुळे तो मला शोभूनही दिसायचा. सहा-सात वर्षं मी तो प्रत्येक बॅचला सांगितला.

खरं काय ते इथे स्पष्ट लिहिते. पाण्यातून काढणारी माणसं नाव विचारतात, ते नोंदीपुरतं. व्हिसा कुणी विचारत नाही. बिल येत नाही. त्यांचा पहिला प्रश्न असतो, तुझ्याबरोबर आणखी कुणी पाण्यात आहे का.

अनिकेत आणि मंदार अशाच एका बॅचला होते. दोघे सत्तावीस-अठ्ठावीसचे, फ्रीमाँटला एका घरात राहणारे. अनिकेत सांगलीचा, पुण्याला इंजिनिअरिंग करून इथे मास्टर्सला आलेला. उंच, हसरा, वर्गात सगळ्यात आधी उत्तर देणारा. मंदार त्याच्यासोबत आलेला, पाण्याला घाबरणारा. दोन धड्यांनंतर त्याने नाद सोडला, पण मित्राचे फोटो काढायला यायचा. अनिकेतला मी तीन महिने शिकवलं. पूर्वेकडच्या उथळ किनाऱ्यावर तो तयार झाला. पुलाजवळ मात्र आमच्या बोटीशिवाय जायचं नाही, असं मी त्याला बजावलं होतं. "नाही जाणार काकू, प्रॉमिस," असं म्हणाला होता.

त्या उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली. कामाच्या व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. पाचव्या आठवड्यात त्याला दुसरी मिळाली. नव्या कंपनीने त्याच्या व्हिसाचे कागद सरकारकडे पाठवले तो बुधवार. दुसऱ्या दिवशी फ्रीमाँट तापलं होतं आणि पोराच्या मनावरचा दगड उतरला होता. तो मंदारला म्हणाला, "चल यार, आज पुलाजवळ जाऊ. सेलिब्रेट करू." अंगात उन्हाळी पातळ सूट घातला. हे सगळं मला नंतर मंदारने सांगितलं.

साडेपाचला सगळं छान चाललं होतं. ओहोटी लागली होती आणि अनिकेत वाऱ्याविरुद्ध वर वर चढत होता. मंदारने फोनवर त्याचा व्हिडिओ काढलाय, त्यात मंदारचा आवाज आहे, "काय भारी चाललाय! सॉलिड!" तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला. बघताक्षणी मला कळलं, की हा चढत नाहीये, त्याला पाणी नेतंय. किनाऱ्यावर बघणाऱ्या मंदारला ते कळायला मार्ग नव्हता. माझ्या वर्गात बसलेल्या अनिकेतला कळायला हवं होतं, पण पहिल्यांदाच वर चढणाऱ्याला ते कळत नाही.

सव्वासहाला वारा पडला. पतंग पाण्यात लोळला. मंदारला तो दुरून लाल ठिपक्यासारखा दिसत होता. पतंग पाच मिनिटांत उठला नाही तर मदत मागायची, हे मीच दोघांना शिकवलेलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मंदारच्या हातात फोन होता. त्याने काय केलं असेल? त्याने इंटरनेटवर शोधलं, की पाण्यातून सुटका करून घेतली तर व्हिसाच्या अर्जावर परिणाम होतो का. तिथे लोकांनी लिहिलेली उलटसुलट उत्तरं तो वाळूवर बसून वीस मिनिटं वाचत होता. वर बघत होता, ठिपका आणखी लांब गेलेला दिसत होता, पुन्हा वाचत होता.

त्या वीस मिनिटांत एक शिडाची बोट अनिकेतच्या जवळून गेली. वयस्क नवरा-बायको होती. त्यांनी नंतर सांगितलं, की आम्ही वेग कमी करून त्याला ओरडून विचारलं, मदत हवी का? तो पतंगाच्या कडेला धरून पाण्यात होता. त्याने हसून अंगठा दाखवला आणि किनाऱ्याकडे बोट केलं, म्हणजे मी जातोय. त्यांना वाटलं, या खेळातल्या लोकांना हे नेहमीचं असेल. ते पुढे गेले.

सातला पाच कमी असताना माझा फोन वाजला. मी घरी भेंडी चिरत होते. मंदार म्हणाला, "काकू, अनिकेत दिसत नाहीये. पुलाच्या बाहेर गेला असं वाटतंय. काय करू?"

"नाईन वन वनला फोन केलास?"

"नाही ना. त्याच्या व्हिसाचं ट्रान्सफर पेंडिंग आहे काकू. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

मी त्याला काय बोलले ते आठवत नाही. फोन कापून मी स्वतः तो आणीबाणीचा नंबर फिरवला, ठिकाण सांगितलं, ओहोटीचा वेग सांगितला, सूट पातळ असेल असं सांगितलं. पाचव्या मिनिटाला तटरक्षक दलाची बोट निघाल्याचं कळलं. मग मी गाडी काढली. फ्रीमाँटपासून तिथवर त्या वेळेच्या गर्दीत सव्वा तास लागतो. इतकी वर्षं मी माणसं पाण्यातून काढली आणि त्या दिवशी मी फ्रीवेवर ब्रेक लावत बसले होते.

पुलाबाहेर धुकं होतं. उजेड जाण्याच्या सुमारास तो त्यांना सापडला. पतंग कमरेलाच होता. दोऱ्या पायांत गुंतल्या होत्या आणि दांडीवर दोनच वेढे गुंडाळलेले होते, म्हणजे शिकवल्याप्रमाणे दोऱ्या गुंडाळायला त्याने सुरुवात केली होती, पुढे बोटं चालली नसणार. तो गेलेला होता.

मी पोचले तेव्हा मंदार त्याचे बूट मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्या अंगावर ओरडले, हेही लिहिलं पाहिजे. म्हटलं, चाळीस मिनिटं, मंदार! चाळीस मिनिटं काय करत होतास? त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणाला, "काकू, तुम्हीच म्हणाला होतात ना. नाव लिहून घेतात, व्हिसावाल्यांनी जपून."

मला आठवायला क्षणभर लागलं. माझ्यासाठी तो विनोद होता. त्या दोघांसाठी ती माहिती होती. आणि का असू नये? वर्गात मी सांगितलेली बाकीची प्रत्येक गोष्ट खरीच तर होती.

बाराव्या दिवशी अनिकेतच्या आईंचा फोन आला. सांगलीला पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या बाई. माझा नंबर मंदारकडून घेतलेला. काय काय ऐकावं लागेल याची मी तयारी करून बसले होते, पण त्या म्हणाल्या, "ताई, तो तुमचं फार सांगायचा. म्हणायचा, बोटीवर आपल्याकडच्या एक काकू असतात, तू काळजी करू नको. म्हणून मी निर्धास्त होते." मग विचारलं, "त्याला फार थंडी वाजली असेल का हो?"

मी म्हटलं, "शेवटी शेवटी वाजत नाही, ताई." हे खरं आहे. माझ्या धंद्यातलं एवढं एकच ज्ञान त्या वेळी त्यांच्या उपयोगाचं होतं. विनोदाचं मी बोलले नाही. त्यांनी माझे आभार मानले आणि फोन ठेवला. त्यानंतर तीन दिवाळ्या गेल्या. दर दिवाळीला त्यांचा शुभेच्छांचा निरोप यायचा, मी उत्तर द्यायची आणि दिवसभर घरात कुणाशी धड बोलायची नाही.

वर्गातला विनोद बंद झाला हे सांगायला नकोच. आता मी पहिल्या तासाला उलटं करते. सगळ्यांना वाळूवर उभं करून हात हलवायला लावते आणि मोठ्याने "हेल्प" म्हणायला लावते. इथल्या मुलांना ते मजेशीर वाटतं. आपली मुलं इकडेतिकडे बघतात, खांद्यापर्यंतच हात नेतात, तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. काहींना मी पाच-पाच वेळा करायला लावते. का, ते सांगत नव्हते. अनिकेतचं नाव घ्यायचं तर विनोदाचंही सांगावं लागलं असतं आणि तेवढं धैर्य मला तीन वर्षांत झालं नाही. एक-दोघा आयांनी तर रॉयकडे तक्रार केली, की या बाई मुलांना उगाच घाबरवतात. रॉय माझ्या बाजूने उभे राहिले. त्यांनाही मी पूर्ण गोष्ट सांगितलेली नव्हती.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेने मला गळ घातली, "काकू, तुमच्या बोटीवरच्या थ्रिलिंग गोष्टी लिहा ना, वाचकांना मजा येईल." मी लिहायला बसले. प्लंबर झाले, साहेब झाले, आणि विनोदापाशी येऊन लेखणी अडली. दोन आठवडे कागद तसाच पडला होता. हे मंडळाचे अंक इकडून तिकडे फिरतात, फोनवर पाठवले जातात. सांगलीच्या त्या घरात हे दुसऱ्याकडून कळावं, हे मला बघवलं नसतं. श्रीकांत म्हणाले, "तो भाग गाळून टाक. त्या बाईंना का पुन्हा त्रास द्यायचा?" मी म्हटलं, "त्रास?" मग ते म्हणाले, "लाव फोन."

मी रविवारी सकाळी सहाला फोन लावला, तिकडे संध्याकाळ होती. सगळं सांगितलं. बॅच, विनोद, हसणं, मंदारची वीस मिनिटं, शिडाची बोट, अंगठा. शेवटी मी म्हटलं, "ताई, माझ्या तोंडून ते गेलं नसतं तर त्याने हात वर केले असते."

मग त्या म्हणाल्या, "विमानतळावर मी त्याला काय सांगितलं होतं, माहीत आहे? परका मुलूख आहे, कुणाच्या नजरेत येऊ नको. आपल्यामुळे कुणाला त्रास झाला असं व्हायला नको." त्यांचा आवाज फाटला. "तुम्ही एकदाच म्हणालात, ताई. मी लहानपणापासून रोज म्हणत होते."

नाक ओढत त्यांनी विचारलं, "तुमच्या वर्गात अजून आपली मुलं येतात का?"

"येतात."

"मग त्यांना त्याचं नाव घेऊन सांगा. आणि माझा निरोप सांगा. म्हणावं, एका आईनं सांगितलंय, लोकांना त्रास द्या."